वेल्सबाईंची खतावणी

ज्याच्या हातीं छापखाना नाहीं तो माणूस दोनदां मरतो. एकदां मारेकऱ्याच्या हातून आणि पुन्हा दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत. पहिल्या मरणाला साक्षीदार तरी असतात. दुसऱ्या मरणाला वर्गणीदार असतात, आणि ते रोख पैसे मोजून तें वाचतात. मेलेला चोर होता, मेलेला बदफैली होता, त्यानें आधीं हात उगारला म्हणूनच त्याच्यावर हात पडला, असें एकदां छापून निघालें कीं गांवाचें मन मोकळें होतें आणि भाकरी गोड लागते. मेलेला उत्तर द्यावयास येत नाहीं, आणि त्याच्या विधवेची बाजू छापणार कोण?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हें दुसरें मरण अडविण्याचें काम ज्यांनीं जन्मभर केलें, त्या आयडा बी. वेल्स यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं गुलामांस दास्यांतून सोडविलें त्यांस अर्पण केलें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या सालीं आयडा ही अकरा वर्षांची पोर होती. जोतीरावांचें तें उपकारस्मरण योग्यच होतें. परंतु कायद्यानें बेडी तुटल्यावर तेथल्या काळ्या माणसाच्या नशिबीं पुढें काय आलें, तें जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेंत येणें शक्य नव्हतें. तें पुढचें प्रकरण या बाईंनीं लिहिलें असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

त्यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील हॉली स्प्रिंग्ज या गांवीं झाला. बाप सुतार, आई स्वयंपाकीण, आणि दोघेंही गुलाम. युद्ध संपून गुलामगिरी गेली तेव्हां या आईबापांनीं पहिलें काम केलें तें मुलांस शाळेंत घालण्याचें. आई तर स्वतः मुलांबरोबर शाळेंत जाऊन बसे, आणि बायबल आपलें आपण वाचतां येऊं लागेपर्यंत ती बसत राहिली. १८७८ सालीं पीतज्वराची सांथ आली. आईबाप आणि तान्हा भाऊ त्या सांथींत गेले. बापाच्या ओळखीची मोठी माणसें घरीं जमलीं व उरलेलीं पोरें कोणीं कोणीं न्यावीं याची वांटणी करूं लागलीं. सोळा वर्षांची आयडा कोपऱ्यांतून उठली आणि म्हणाली कीं, भावंडांची ताटातूट होऊं देणार नाहीं, यांना मी पोसतें. तिनें झग्याची लांबी वाढविली, मोठ्या बाईसारखें रूप केलें आणि खेडेगांवच्या शाळेंत मास्तरकी धरली. खेचरावर बसून शाळेला जावें आणि आठवड्यानें घरीं येऊन धुणें, इस्त्री, स्वयंपाक उरकावा, असा हा संसार. ज्यांस थोरांची चरित्रें राजवाड्यांतून सुरू झालेलीं आवडतात त्यांनीं येथेंच थांबावें.

पुढें त्या टेनेसी संस्थानांतील मेम्फिस शहरीं आल्या. तेथील आगगाडीची गोष्ट त्यांच्या स्वभावावर चांगला उजेड पाडते. बायकांच्या डब्याचें पहिल्या वर्गाचें तिकीट काढून त्या बसल्या असतां कंडक्टर आला व म्हणाला, उठ, पुढच्या डब्यांत जा. पुढचा डबा म्हणजे विड्याचिलमी ओढणाऱ्यांचा आणि काळ्यांचा. बाई उठेनात. त्यानें हात धरून ओढतांच त्यांनीं त्या हाताचा कडाडून चावा घेतला. कंडक्टरानें आणखी दोघे बोलाविले, तिघांनीं मिळून एका बाईस ओढून काढलें, आणि डब्यांतील गोऱ्या मंडळींनीं टाळ्या वाजविल्या. बाईंनीं कंपनीवर खटला भरला. १८८४ च्या डिसेंबरांत खालच्या कोर्टानें त्यांस ५०० डॉलर देवविले. १८८७ सालीं टेनेसीच्या वरिष्ठ कोर्टानें तो फैसला फिरविला आणि उलट खर्च त्यांच्याच अंगावर टाकला. त्या दिवशीं त्यांची न्यायावरील श्रद्धा उडाली. लेखणीवरची मात्र बसली. 'आयोला' या नांवानें त्या काळ्यांच्या पत्रांतून लिहूं लागल्याच होत्या. १८८९ सालीं मेम्फिसच्या 'फ्री स्पीच' या पत्रांत त्यांनीं भागी घेतली व संपादकाच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. १८९१ सालीं त्यांनीं काळ्या मुलांच्या शाळांची दुर्दशा आपल्या पत्रांत छापली. म्हणजे ज्या शाळाखात्याचा पगार घेत होत्या त्याच्यावरच टीका केली. नोकरी गेली. आतां पत्रावरच पोट आलें.

या पत्राची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. काळ्या वस्तींत वाचतां न येणारे लोक पुष्कळ होते, तरी ते पत्र विकत घेत. शेजारच्या वाचतां येणाऱ्याकडून वाचून घेत. कांहीं लबाड विक्रेते अशा लोकांच्या हातीं भलतेंच पत्र 'फ्री स्पीच' म्हणून खपवूं लागले. तेव्हां बाईंनीं आपलें पत्र गुलाबी कागदावर छापावयास आरंभ केला. ज्याला अक्षर ओळखतां येत नाहीं त्याला रंग तर ओळखतां येतो! आमच्या खेड्यांतही चावडीवर एकानें वाचावें आणि वीसांनीं ऐकावें अशी रीत होती, तिची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

आतां १८९२ सालाकडे वळूं. मेम्फिसच्या एका मिश्र वस्तींत काळ्या लोकांनीं भागभांडवल जमवून 'पीपल्स ग्रोसरी' नांवाचें किराणा दुकान घातलें होतें. दुकानाचा मुख्य टॉमस मॉस. हा दिवसा पोष्टमनचें काम करी आणि रात्रीं दुकानाचा हिशेब पाही. त्याच्या मुलीच्या बारशाच्या वेळीं धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या होत्या त्या आयडाबाईच. याच वस्तींत एक गोरा दुकानदार होता, आणि तोंवर सगळें गिऱ्हाईक त्याचेंच होतें. पुढें काय झालें असेल तें चतुर वाचकांनीं ओळखलेंच असेल. मार्च महिन्यांत गोऱ्या व काळ्या पोरांचें गोट्यांच्या डावावरून भांडण झालें. पोरांच्या भांडणांत बाप आले, बापांच्या भांडणांत पोलीस आले. रात्रीं साध्या कपड्यांत कांहीं शिपाई दुकानाच्या मागल्या दारानें शिरूं लागले तेव्हां, हा गोऱ्यांचा हल्ला आहे असें समजून, आंतल्यांनीं गोळ्या झाडल्या. तीन शिपाई जखमी झाले. मॉस, मॅकडॉवेल व स्टुअर्ट या तिघांस इतरांबरोबर तुरुंगांत घातलें. जखमी शिपाई वांचणार हें नक्की झालें. म्हणजे कायद्यानें या तिघांस फांशी होणार नव्हती. तेव्हां ९ मार्च १८९२ च्या पहाटे तोंडें झांकलेला जमाव तुरुंगांत शिरला, त्यानें तिघांस बाहेर ओढून शहराबाहेर रेल्वेच्या बाजूस नेलें आणि गोळ्या घातल्या. गोऱ्यांच्या पत्रांत सकाळींच या सर्वाचें बारीकसारीक वर्णन हजर. इतकी ताजी बातमी मिळते कशी?

या प्रकाराला तेथें 'लिंचिंग' म्हणतात. संशयिताला ओढून काढावयाचें, आणि खटला नाहीं, साक्ष नाहीं, जमावानें त्याला झाडाला लटकवावयाचें, गोळ्या घालावयाच्या किंवा जिवंत जाळावयाचें. टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेनें ठेवलेल्या नोंदींप्रमाणें १८८२ ते १९६८ या काळांत असे ४,७४३ बळी गेले. पैकीं ३,४४६ काळे. आणि या सर्वाला गोऱ्या समाजाचें उत्तर एकच ठरलेलें: हे काळे आमच्या बायकांच्या अब्रूवर हात टाकतात, म्हणून आमच्या लोकांचें रक्त तापतें. हें उत्तर इतकें पक्कें बसलें होतें कीं, आयडाबाईंनीं पुढें स्वतः कबूल केलें आहे कीं आपणही तें खरें मानीत होतों. बेकायदा असलें तरी त्या नराधमांस तें मरण योग्यच असेल, असें आपल्यालाही वाटत असे. ही कबुली आम्हांस त्यांच्या सर्व शौर्यापेक्षां मोठी वाटते. जो खोटेपणा आपल्याला चिरडावयासाठीं रचलेला असतो तो प्रथम आपल्याच घरांत खरा मानला जातो. टॉमस मॉसनें कोणत्या बाईकडे वाकडा डोळा केला होता? त्यानें साखर आणि पीठ स्वस्त विकलें होतें!

मरतांना मॉसनें आपल्या लोकांस पश्चिमेकडे निघून जाण्याचा निरोप दिला, असें प्रसिद्ध झालें. 'फ्री स्पीच'नें तोच निरोप उचलला. ज्या शहरांत आपल्या जीवाला किंमत नाहीं तें शहर सोडा, आणि सोडीपर्यंत त्यांच्या ट्रामगाडींत बसूं नका. शेंकडों कुटुंबें ओक्लाहोमाकडे निघालीं. तिकडे गेलेले उपाशी मरतात असें गोऱ्यांचीं पत्रें छापूं लागलीं, तेव्हां बाई स्वतः तिकडे गेल्या, पाहून आल्या, आणि जें पाहिलें तें छापलें. ट्राम कंपनीचे दोन अंमलदार त्यांच्या कचेरींत आले. काळे लोक ट्रामगाडींत बसत नाहींत. विजेला भितात काय, असें त्यांनीं विचारलें. बाईंनीं विचारलें, किती दिवस झाले? सहा आठवडे. मॉसला मारून किती दिवस झाले? तेही सहा आठवडेच. अंमलदार म्हणाले, त्या कृत्याशीं कंपनीचा काय संबंध? कंपनी उत्तरेकडील भांडवलवाल्यांची आहे. बाई म्हणाल्या, मालक उत्तरेचे असतील, पण चालविणारे येथलेच आहेत. पुढच्या अंकांत हा सगळा संवाद छापून वाचकांस सांगितलें कीं असेंच चालूं द्या.

त्यानंतर त्यांनीं जें काम हातीं घेतलें तें आजपावेतों प्रत्येक वार्ताहरानें शिकण्यासारखें आहे. लिंचिंगच्या जागीं स्वतः जावें आणि बातमींत छापलें होतें तें आणि घडलें तें ताडून पहावें. एके ठिकाणीं छापलें होतें कीं शेरीफच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. बाई जाऊन पाहतात तों मुलगी सतरा वर्षांहून मोठी, आणि ती त्या माणसाच्या झोंपडींत आपल्या पायांनीं गेलेली. अशा कित्येक जागा पाहिल्यावर १८९२ च्या मे महिन्यांत त्यांनीं लहानसा अग्रलेख लिहिला. अब्रूची ही जुनी थाप आतां कोणी खरी मानीत नाहीं. ती अशीच पुढें रेटली तर लोक गोऱ्या बायकांच्याच वर्तनाविषयीं निराळें अनुमान काढतील. एवढाच त्याचा मतलब. लेखाखालीं नांव नव्हतें. लिहिणारा पुरुषच असणार असें धरून मेम्फिसच्या एका गोऱ्या पत्रानें त्याला खांबाला बांधून डाग द्यावा आणि शिंप्याच्या कातरीनें त्याची शस्त्रक्रिया करावी, असें सुचविलें. बाई इतकें सडेतोड लिहील ही कल्पनाच त्यांस झाली नाहीं. २७ मे रोजीं जमावानें कचेरी फोडली आणि सामानसुमानाचा नाश केला. भागीदार जीव घेऊन पळाला. बाई त्या वेळीं पूर्वेकडे गेल्या होत्या. परत याल तर मराल, असे निरोप त्यांस पोंचले.

त्यांच्याजवळ आतां ना छापखाना ना गांव. होती ती एक वही.

न्यूयॉर्कच्या 'एज' पत्रांत त्यांनीं आपली हकीकत छापली आणि त्याच वर्षीं 'सदर्न हॉरर्स' हें चोपडें काढलें. त्याचा खर्च न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या काळ्या बायकांनीं सभा भरवून, वर्गणी करून उभा केला. यांतील मुख्य शस्त्र म्हणजे आकडे. आणि ते आकडे त्यांनीं आपल्या पदरचे घेतले नाहींत. शिकागोचें 'ट्रिब्यून' हें गोऱ्यांचें मातबर पत्र दर वर्षीं लिंचिंगची यादी छापीत असे. बाईंनीं तीच यादी घेतली. मागील आठ वर्षांत ७२८ काळे मारले गेले, आणि त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांशांवरच अत्याचाराचा नुसता आरोप होता. सिद्ध झाल्याची तर गोष्टच नको. बाकीचे कशासाठीं? कोणी भांडला म्हणून, कोणी धमकी दिली म्हणून, कोणावर जाळपोळीचा संशय म्हणून, कोणी तर नुसता काळा म्हणून. १८९५ सालीं 'रेड रेकॉर्ड' म्हणजे लाल नोंदवही हें मोठें पुस्तक काढलें, त्यांत तर नांव, गांव, तारीख आणि लावलेला आरोप अशा ओळींमागून ओळी आहेत. तीं पानें वाण्याच्या खतावणीसारखीं दिसतात. एकही विशेषण नाहीं. अतिशयोक्ति केली असें कोणी म्हणूं लागल्यास, हे तुमचेच आकडे आहेत, असें त्या सांगूं शकत. आणि उलट बाजूचा हिशेबही त्यांनीं मांडला: गोऱ्यांनीं काळ्या बायकांमुलींवर केलेल्या अत्याचारांसाठीं दोरखंड घेऊन कोणी धांवत नव्हतें.

आमच्याकडे दुःख पुष्कळ सांगितलें जातें, पण मोजलें थोडें जातें. रडणें ऐकून घेणारा उद्यां विसरतो. यादी हातांत दिलेल्या माणसाला निदान ती कोठें तरी ठेवावी लागते.

देशांत कोणी ऐकेना तेव्हां बाई १८९३ व १८९४ सालीं इंग्लंडांत जाऊन व्याख्यानें देऊन आल्या. त्यांस बोलावणाऱ्यांत कॅथरीन इम्पी नांवाची क्वेकर बाई होती. ती सॉमरसेट परगण्यांतून १८८८ पासून एक लहान मासिक काढीत असे. त्या मासिकाचें नांव काय असावें? 'अँटी-कास्ट', म्हणजे जातिविरोध! गोऱ्याकाळ्याच्या भेदाला नांव देतांना त्या इंग्रज बाईस जो शब्द आठवला तो इंग्रजांच्या तोंडीं विशेषतः आमच्याच देशाविषयीं असे. यापेक्षां अधिक आम्ही काय लिहावें? इंग्लंड हें अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाचें मोठें गिऱ्हाईक, म्हणून तेथील निंदा मेम्फिसच्या व्यापाऱ्यांस झोंबली. १८९४ सालीं मेम्फिसजवळ सहा काळ्या कैद्यांस जमावानें ठार मारलें तेव्हां शहरांतील गोऱ्या पत्रांनीं व व्यापाऱ्यांनीं त्याचा निषेध केला. दोन वर्षांपूर्वीं हेंच शहर कातरी पाजळीत होतें. मन पालटलें कीं बाजारभाव, तें देव जाणे.

मध्यंतरीं १८९३ सालीं शिकागोस जगाचें मोठें प्रदर्शन भरलें. त्याच्या निमित्तानें भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंतील एक भाषण आमच्या शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. त्याच प्रदर्शनांत, त्याच सुमारास, हैती देशाच्या मंडपांत बसून एक तीस-एकतीस वर्षांची काळी बाई येणाऱ्याजाणाऱ्यास एक पुस्तिका वांटीत होती. अमेरिकेंतील काळ्या माणसाला या प्रदर्शनांत जागा कां नाहीं, हा तिचा विषय. फ्रेडरिक डग्लस या वृद्ध पुढाऱ्याचा व इतर दोघांचा तिला हातभार होता. दहा हजार प्रती वांटल्या गेल्या. शिकागोचें नांव निघालें कीं तिचीही आठवण काढावयास हरकत नाहीं.

परक्यांनीं छळिलें याचें कोणास नवल वाटणार नाहीं. स्वकीयांनीं व मित्रांनीं कसें वागविलें, तें आतां सांगितलें पाहिजे. दारूबंदीच्या जागतिक स्त्रीसंघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड या मोठ्या सुधारक. त्यांनीं एका मुलाखतींत, काळे लोक दारू पिऊन बायकामुलांस धोका करतात, या अर्थाचे उद्गार काढले होते. बाईंनीं ती मुलाखत १८९४ सालीं इंग्लंडांत जशीच्या तशी पुन्हा छापविली, आणि सर्व सभ्य मंडळी मुलाखतीवर न रागावतां छापणारीवर रागावली. १८९५ सालीं त्यांनीं शिकागोचे वकील व पत्रकर्ते फर्डिनंड बार्नेट यांच्याशीं लग्न केलें. व्याख्यानांपायीं लग्न तीनदां पुढें ढकललें होतें. लग्नानंतर लगेच पतीच्या 'कन्झर्व्हेटर' पत्राची संपादकी हातीं घेतली. पुढच्याच सालीं चार महिन्यांचें मूल कडेवर घेऊन त्या काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेस गेल्या. तरी स्त्रियांच्या मताधिकाराच्या थोर पुढारी सुसान अँथनी यांनीं, लग्न झाल्यापासून तुमचें अर्धें लक्ष घरांत असतें, म्हणून टोचून बोलावयास कमी केलें नाहीं. पुरुष पुढाऱ्यास चार मुलें झालीं तर त्याच्या चळवळीची कोणी अशी चौकशी करीत नाहीं.

१९०९ सालीं काळ्यांच्या हक्कांसाठीं जी मोठी राष्ट्रीय संस्था निघाली तिच्या मूळच्या चाळीस जणांच्या यादींत आयडाबाईंचें नांव वाचलें गेलें नाहीं. इतकीं वर्षें ज्यांनीं हा प्रश्न जागता ठेवला त्यांचेंच नांव गळलें! सभा उठल्यावर गडबड झाली आणि नांव मागाहून घातलें. पण बाईंच्या मनाला लागावयाचें तें लागलें. १९१३ च्या मार्चांत वॉशिंग्टनला स्त्रियांची मताधिकाराची मिरवणूक निघाली, तेव्हां दक्षिणेकडील गोऱ्या बायका रुसतील म्हणून त्यांस सांगण्यांत आलें कीं तुम्ही मागें, काळ्या बायकांच्या तुकडींत चाला. बाई गर्दींत दिसेनाशा झाल्या. मिरवणूक निघाल्यावर बघ्यांच्या घोळक्यांतून निघून त्या आपल्या इलिनॉय संस्थानाच्या रांगेंत दोन गोऱ्या मैत्रिणींच्या मध्यें जाऊन चालूं लागल्या.

त्यांचा स्वभाव तापट होता हें खरें. संस्थेंत फार दिवस कोणाशीं जमलें नाहीं, तडजोड त्यांस जमेना, आणि ज्या संस्था त्यांनीं सोडल्या त्यांचें श्रेय दुसऱ्यांच्या पदरांत पडलें. प्रत्येक काळ्या घरांत बंदूक मानानें ठेवावी असें त्यांनीं लिहिलें. हें सर्वच काळीं व सर्वच देशीं पटण्यासारखें आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण कायदा ज्याच्या दारापर्यंत येतच नाहीं त्याला शांतीचा उपदेश करणें सोपें असतें, इतकें आम्हांस कळतें. आणि तापट पुरुषास आपण बाणेदार म्हणतों. आमच्याकडे 'दीनबंधु'सारखें पत्र पतीच्या पश्चात् चालविणाऱ्या तानुबाई बिर्जे यांचें नांव किती घरांत माहीत आहे, तें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

१९०९ सालींच इलिनॉयमधील कैरो गांवीं लिंचिंग झालें. कैदी जमावाच्या हातीं गेल्यास शेरीफची नोकरी जावी असा त्या संस्थानाचा कायदा होता. त्याप्रमाणें शेरीफ गेला, आणि परत नेमणूक मिळावी म्हणून गव्हर्नराकडे अर्ज करूं लागला. कोणीतरी जाऊन विरोध करावयास हवा होता. बाई थकल्या होत्या. आपण गेलों कीं आपलेच लोक नांवें ठेवतात, म्हणून जाणार नाहीं म्हणाल्या. रात्रीं थोरल्या मुलानें उठविलें: आई, तूं नाहीं गेलीस तर कोणीच जाणार नाहीं. त्या गेल्या. गांवच्या काळ्या मंडळींनींच शेरीफच्या बाजूनें पत्रें लिहून दिलीं होतीं! त्यांस बाईंनीं गोळा केलें, समजाविलें, ठराव करून घेतला आणि गव्हर्नरापुढें वकिलासारखी बाजू मांडली. शेरीफ परत आला नाहीं.

शेवटची मोठी गोष्ट आर्कान्सामधील. ती शेतकरी वाचकांनीं नीट वाचावी. तेथील काळे लोक गोऱ्या जमीनदाराची जमीन वाट्यानें करीत. बी, खत, दाणागोटा मालकाच्या दुकानांतून उधारीवर. पीक निघालें कीं कापूस मालकाच्या भावानें. आणि हिशेब मालकाच्या वहींत. आमच्या पुणें व नगर जिल्ह्यांतील कुणब्यांनीं १८७५ सालीं सावकाराच्या वह्या कां जाळल्या, हें ज्यास ठाऊक आहे त्यास अधिक सांगावयास नको. १९१९ सालीं त्या शेतकऱ्यांनीं संघ केला, वकील पाहिला, आणि हिशेब लेखी द्या अशी मागणी करावयाचें ठरविलें. ३० सप्टेंबरच्या रात्रीं एलेनजवळ एका देवळांत त्यांची सभा चालली असतां बाहेरून गोळ्या आल्या, आंतून उत्तर गेलें, एक गोरा मेला. मग जमाव आले, फौजही आली, आणि कित्येक काळीं माणसें मारलीं गेलीं. गोरे एकंदर पांच. पत्रांत काय छापलें? काळ्यांनीं गोऱ्यांच्या कत्तलीचा कट केला होता! बारा शेतकऱ्यांस फांशीची शिक्षा झाली. ज्यूरीस विचार करावयास कांहीं मिनिटें पुरलीं.

मेम्फिस सुटल्यापासून बाईंनीं दक्षिणेंत पाऊल टाकलें नव्हतें. आतां पन्नाशी उलटून गेलेल्या त्या बाई कैद्यांच्या बायकांबरोबर, नात्यांतली म्हणून, तुरुंगांत शिरल्या. पहारेकऱ्यास वाटलें गांवाकडची कोणी म्हातारी आहे. कैद्यांनीं भजनें म्हटलीं, मरणाच्या तयारीचीं. बाईंनीं तीं ऐकून घेतलीं आणि हळूच त्यांस रागें भरल्या: मरणाचीं गाणीं पुरे, जगावयाचें मागणें मागा, सुटकेचें मागा. मग त्यांनीं प्रत्येकास विचारलें कीं तुझी जमीन किती एकर, कापूस किती, मका किती, ढोरें किती, आणि तें सर्व आतां कोणाच्या घरांत आहे? १९२० सालीं हें सर्व त्यांनीं चोपड्यांत छापलें. आमच्या कुणब्यांनीं सावकाराची वही जाळली. या बाईंनीं कुळांची वही लिहून काढली. त्या बारा जणांची कोर्टांतली लढाई मुख्यतः स्किपिओ जोन्स या काळ्या वकिलानें व वर सांगितलेल्या राष्ट्रीय संस्थेनें लढविली, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टानें, जमावाच्या धाकाखालीं चाललेला खटला हा खटलाच नव्हे, असा निकाल दिला आणि १९२५ पर्यंत बाराही जण सुटले. त्यांतील एक जण पुढें बाईंच्या शिकागोच्या घरीं येऊन आभार मानून गेला.

१८९८ सालीं आयडाबाईंनीं अध्यक्ष मॅकिन्ले यांची भेट घेऊन लिंचिंगविरुद्ध राष्ट्राचा कायदा मागितला होता. १९२२ सालीं असें बिल खालच्या सभागृहांत मंजूर झालें, पण वरच्या सभागृहांत दक्षिणेकडील सभासदांनीं तें अडवून मारलें. तो कायदा झाला २९ मार्च २०२२ रोजीं. मागणीनंतर १२४ वर्षांनीं. २०२० सालीं त्यांस वृत्तपत्रकारांचें पुलित्झर पारितोषिक विशेष मान म्हणून देण्यांत आलें. तें घ्यावयास त्या नव्हत्या. २५ मार्च १९३१ रोजीं शिकागोस त्या वारल्या होत्या.

मरणापूर्वीं कांहीं वर्षें त्या आत्मचरित्र लिहीत होत्या. त्याचें कारण त्यांनींच दिलें आहे. एका पंचवीस वर्षांच्या काळ्या मुलीनें कोठेंतरी सभेंत या बाईंची जोन ऑफ आर्कशीं तुलना केली होती. पण यांनीं असें केलें तरी काय, हें कोणीं विचारल्यावर तिला सांगतां आलें नाहीं. ती मुलगी येऊन विचारूं लागली कीं, बाई, तुम्ही काय केलें तें मला सांगा. तेव्हां बाई लिहावयास बसल्या. हस्तलिखित मुलगी अल्फ्रेडा डस्टर यांनीं जपून ठेवलें, प्रकाशकांचीं नकारपत्रें वर्षानुवर्षें सोसलीं, आणि १९७० सालीं, आईच्या मृत्यूनंतर ३९ वर्षांनीं, शिकागो विद्यापीठाकडून तें छापवून घेतलें. शेवटच्या प्रकरणाचें शेवटचें वाक्य बाईंच्या हातून अर्ध्यावरच राहिलें आहे, आणि मुलीनें तें तसेंच छापलें आहे.